‘रेव्हरंड’ कोणाला म्हणावं, कसं लिहावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्नाची पत्रिका, श्रद्धांजलीची बातमी, चर्चच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, जुन्या इंग्रजी लेखाचा अनुवाद. अशा मजकुरात ‘रेव्ह.’ हे अक्षर आलं की लिहिणारा जरा थांबतो. ही उपाधी आहे की पद? फादरच्या आधी लावायची की नंतर? बाईंच्या नावाआधी चालते का? उपाधी चुकली तर ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना आणि त्यांच्या मंडळीला, म्हणजे त्या चर्चच्या समुदायाला, ते लागतं, म्हणून ही उत्तरं जरा सविस्तर दिली आहेत.

रेव्हरंड म्हणजे पाळक किंवा पाद्री, बरोबर ना?

बरोबर नाही, आणि बाकीचा बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. पाळक, व्हिकर, रेक्टर, चॅपलेन, बिशप ही कामांची किंवा पदांची नावं आहेत. ‘रेव्हरंड’ हे विशेषण आहे. दीक्षा मिळालेल्या धर्मसेवकाच्या नावाआधी आदरानं लावायचं, एवढंच त्याचं काम. एखादे गृहस्थ निवृत्त होऊन घरी बसले, त्यांच्याकडे कुठलीच मंडळी उरली नाही, तरी ते रेव्हरंड राहतात. कारण पाळकपद सुटतं, दीक्षा सुटत नाही. उलट, काही नव्या मंडळ्यांमध्ये वर्षानुवर्षं उपदेश करणारे पास्टर असतात आणि नावाआधी रेव्हरंड लावत नाहीत.

आपल्याकडे कीर्तनकारांच्या नावाआधी ‘ह.भ.प.’ लागतं ना, तसंच हे समजा. पत्रिकेवर ‘ह.भ.प. अमुक महाराज’ छापलेलं असतं. पण मंडपात कोणी ‘अहो हभप, या’ म्हणत नाही, ‘महाराज’ किंवा ‘बुवा’ म्हणतात. ‘गावात एक हभप राहतात’ हेही कानाला खटकतं. इंग्रजी कानाला ‘एक रेव्हरंड आले होते’ हे वाक्य असंच खटकतं.

हा शब्द आला कुठून?

लॅटिन ‘रेव्हेरेन्दुस’वरून. अर्थ ‘ज्याचा आदर करावा असा’. मराठी वाचकाला ही घडण समजावून सांगावी लागत नाही, कारण संस्कृतातला ‘अनीय’ प्रत्यय नेमकं हेच करतो: आदरणीय, पूजनीय, वंदनीय. पंधराव्या शतकापासून इंग्रजीत तो कोणाही आदरणीय माणसासाठी वापरला जाई. सतराव्या शतकापासून धर्मगुरूंच्या नावाआधी तो रूढ होत गेला आणि मग त्यांचाच होऊन बसला.

मग ‘रेव्हरंड टिळक’ म्हणणं चूक की काय?

मराठीत चूक नाही. इंग्रजीत, तेही जुन्या वळणाच्या ब्रिटिश इंग्रजीत, चूक धरतात. हा फरक नीट समजून घेण्यासारखा आहे.

इंग्रजीचा पारंपरिक नियम असा: आधी ‘द’, मग ‘रेव्हरंड’, मग स्वतःचं नाव किंवा आद्याक्षरं, मग आडनाव. म्हणजे ‘द रेव्हरंड जॉन विल्सन’. त्याच मजकुरात पुढे उल्लेख आला तर ‘मिस्टर विल्सन’ किंवा ‘डॉक्टर विल्सन’. नुसत्या आडनावाला रेव्हरंड जोडायचं नाही. विशेषण आहे हे लक्षात ठेवलं की ‘द’ का लागतो हेही कळतं. अमेरिकेत मात्र हा नियम बोलण्यात कधीच सैल झाला. तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांना ‘रेव्हरंड किंग’ असं सर्रास म्हणतात, विशेषतः कृष्णवर्णीय मंडळ्यांमध्ये, आणि त्या म्हणण्यात पुरेपूर मान असतो. त्यांना ब्रिटिश नियमावलीची छडी दाखवणं मला बरोबर वाटत नाही. अमेरिकेतली वृत्तपत्रं छापताना बहुधा पहिल्या उल्लेखात ‘द रेव्ह.’ आणि पूर्ण नाव देतात, नंतर नुसतं आडनाव.

मराठीत या शब्दाला दुसरंच काम मिळालं. नारायण वामन टिळक (1861–1919) आणि बाळ गंगाधर टिळक (1856–1920) एकाच काळातले, दोघेही कोकणातले, दोघांचंही आडनाव एकच. नुसतं ‘टिळक’ म्हटलं तर वाचक गोंधळणार. म्हणून एक झाले लोकमान्य टिळक आणि दुसरे रेव्हरंड टिळक. आदरसूचक विशेषण इथे ओळख पटवणारं नाव बनलं. ‘वनवासी फूल’ लिहिणारा, अभंगांतून ख्रिस्ताला आळवणारा कवी मराठी माणसाच्या मनात याच नावानं घर करून आहे. 1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला, तरी लोकांनी त्यांच्या नावाआधीचं रेव्हरंड सोडलं नाही. तेव्हा मराठी लेखात ‘रेव्हरंड टिळक’ बिनधास्त लिहा. त्याच लेखाचा इंग्रजी अनुवाद करत असाल तर पहिल्या उल्लेखात पूर्ण नाव द्या.

समोर भेटल्यावर हाक कशी मारायची?

ज्या मंडळीचे ते असतील तिच्या रीतीनं. महाराष्ट्रातल्या प्रोटेस्टंट घरांत ‘पाळकसाहेब’ म्हणतात, इंग्रजीत बोलताना ‘पास्टर’. कॅथलिकांत ‘फादर’. इंग्लंडमध्ये ‘मिस्टर’, ‘व्हिकर’, ‘फादर’ यांपैकी काय चालेल ते त्या चर्चच्या वळणावर ठरतं. हल्ली तर पुष्कळ जण सरळ नावानंच हाक मारा म्हणून सांगतात. ‘हॅलो रेव्हरंड’ हे अमेरिकेत चालतं, इंग्लंडमध्ये ऐकणारा बहुधा काही बोलत नाही पण त्याला ते रुचतं असं नाही.

ईमेलच्या मायन्यातही हेच. पाकिटावर किंवा पत्त्यात ‘द रेव्हरंड’ आणि पूर्ण नाव, आत मात्र ‘डिअर फादर अमुक’, ‘डिअर मिस्टर अमुक’ किंवा ‘डिअर पास्टर अमुक’. मराठी पत्रात ‘आदरणीय पाळकसाहेब’ किंवा ‘आदरणीय फादर’ हा मायना सगळ्यात चांगला.

फादर आणि रेव्हरंड यांत फरक काय? कॅथलिक ते फादर आणि प्रोटेस्टंट ते रेव्हरंड असं म्हणता येईल?

बोलण्यापुरतं बऱ्याच अंशी तसंच झालं आहे. वसईत, मुंबईच्या गावठाणांत कॅथलिक धर्मगुरू म्हणजे फादर, गोव्यात कोंकणीत पाद्र. ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणारे थॉमस स्टीफन्स आपल्यासाठी फादर स्टीफन्स, आणि उस्मानाबादच्या 2020च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्यांना कोणी रेव्हरंड दिब्रिटो म्हटल्याचं ऐकू येत नाही. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर, पुणे, सोलापूर, जालना इथल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत मात्र नावाआधी ‘रेव्ह.’च दिसतं.

पण कागदावर ही वाटणी टिकत नाही. कॅथलिक धर्मगुरूही औपचारिक लिखाणात रेव्हरंडच असतात, म्हणून तर पत्रिकेवर ‘रेव्ह. फादर अमुक’ छापलेलं दिसतं. क्रम तोच ठेवायचा, ‘फादर रेव्हरंड’ असं उलट करायचं नाही. आणि अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, पंथातल्या ज्या मंडळ्या कॅथलिक वळणाच्या आहेत तिथे पाळकाला फादर म्हणतात. ‘फादर’ ही हाक आहे, ‘रेव्हरंड’ ही लिहिण्याची उपाधी आहे. एकाच माणसाला दोन्ही लागू शकतात.

‘राइट रेव्हरंड’, ‘मोस्ट रेव्हरंड’ हे काय प्रकार आहेत?

आदराच्या चढत्या पायऱ्या. अँग्लिकन पद्धतीत साधा धर्मसेवक ‘द रेव्हरंड’, कॅथेड्रलचा (बिशपच्या मुख्य चर्चचा) प्रमुख म्हणजे डीन ‘व्हेरी रेव्हरंड’, बिशप ‘राइट रेव्हरंड’, आर्चबिशप ‘मोस्ट रेव्हरंड’. मध्ये एक आर्चडीकन (बिशपच्या हाताखालचा वरिष्ठ धर्मसेवक) असतो, तो रेव्हरंडच्या रांगेतून बाहेर पडून ‘व्हेनरेबल’ होतो. यातला ‘राइट’ म्हणजे उजवा नव्हे आणि बरोबरही नव्हे. जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा ‘अतिशय’ असा अर्थ होता, तो या उपाधीत गोठून राहिला. ब्रिटनमधल्या ‘राइट ऑनरेबल’मध्येही तोच आहे. मराठी अनुवादात ‘योग्य आदरणीय’ असं कुठे वाचलंत तर ते इथून उगवलेलं असतं.

भारतात याचं एक जवळचं रूप पाहायला मिळतं. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. तिचे बिशप ‘राइट रेव्हरंड’ आणि त्या सगळ्यांचे प्रमुख असलेले मॉडरेटर ‘मोस्ट रेव्हरंड’ लिहिले जातात. भारतातल्या कॅथलिक चर्चमध्ये मात्र बिशप आणि आर्चबिशप या दोघांनाही ‘मोस्ट रेव्हरंड’ लागतं. त्यामुळे नुसत्या उपाधीवरून पद ओळखू नका, आधी चर्च कोणतं ते पाहा.

स्कॉटलंडची रीत मला फार आवडते. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये बिशप नाहीतच. महासभेचा मॉडरेटर वर्षभरासाठी निवडला जातो. त्या वर्षापुरता तो ‘राइट रेव्हरंड’, वर्ष संपलं की आयुष्यभर ‘व्हेरी रेव्हरंड’. म्हणजे पायऱ्यांच्या हिशोबानं खाली उतरतो. मान त्या वर्षीच्या कामाला दिलेला होता, हे त्या उतरण्यातूनच सगळ्यांना दिसतं.

स्त्रियांच्या नावाआधी रेव्हरंड लागतं का?

लागतं. शब्दाला लिंग नाही, ‘रेव्हरंडीण’ वगैरे काही बनवायला नको. मराठीत क्रियापदच सगळं सांगून जातं: ‘रेव्ह. अमुक म्हणाल्या’.

इतिहास मात्र सोपा नव्हता. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या साउथ बटलर या गावी 1853 साली अँटोनेट ब्राऊन यांना एका काँग्रेगेशनल मंडळीनं दीक्षा दिली. अँग्लिकन पंथात पहिली स्त्री प्रीस्ट, म्हणजे पूर्ण दीक्षित धर्मगुरू, होण्याचा मान फ्लॉरेन्स ली टिम-ओई यांचा. 1944 साली, युद्धाच्या धामधुमीत, मकावच्या मंडळीला पुरुष प्रीस्ट मिळेना म्हणून हाँगकाँगच्या बिशपांनी त्यांना दीक्षा दिली. युद्ध संपल्यावर इतका वाद झाला की त्यांनी प्रीस्टचं काम करणं थांबवलं, पुढे 1970च्या दशकात ते पुन्हा मान्य झालं. खुद्द इंग्लंडच्या चर्चला स्त्रियांना प्रीस्ट करायला 1994 साल उजाडावं लागलं. ब्रिस्टॉल कॅथेड्रलमध्ये 12 मार्चला एकाच विधीत 32 जणींना दीक्षा मिळाली. पहिली स्त्री बिशप, लिबी लेन, 2015 साली झाली. कॅथलिक आणि ऑर्थोडॉक्स चर्च आजही स्त्रियांना ही दीक्षा देत नाहीत.

मग कॉन्व्हेंटमधल्या ‘रेव्हरंड मदर’?

ती वेगळी रूढी. मठाच्या प्रमुख साध्वीला आदरानं तसं म्हणतात. त्यात धर्मगुरूपदाची दीक्षा नसते.

शास्त्रज्ञ, गणितज्ञ, लेखक यांच्या नावाआधी रेव्हरंड कसं काय असतं?

कारण ते खरोखर दीक्षित होते. संभाव्यतेच्या प्रमेयामुळे संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असलेले थॉमस बेज हे प्रेस्बिटेरियन पाळक होते. लोकसंख्येविषयी लिहिणारे माल्थस इंग्लंडच्या चर्चचे. ‘लुईस कॅरल’ या टोपणनावानं ॲलिसच्या गोष्टी लिहिणारे ऑक्सफर्डचे गणिताचे शिक्षक डॉजसन 1861 साली डीकन (प्रीस्टच्या आधीची पायरी) झाले आणि तिथेच थांबले, प्रीस्ट कधीच झाले नाहीत. तरी ते ‘द रेव्हरंड सी. एल. डॉजसन’. अँग्लिकन चर्चमध्ये ही उपाधी डीकन झाल्यापासूनच लागते.

आपल्याकडच्या जुन्या नावांबाबत एक सावधगिरी बाळगा. एकोणिसाव्या शतकात मराठीसाठी काम केलेला प्रत्येक गोरा माणूस रेव्हरंड नव्हता. 1829 साली मुंबईत आलेले जॉन विल्सन, ज्यांच्या नावानं गिरगाव चौपाटीसमोर कॉलेज उभं आहे, ते रेव्हरंड. पण मराठी शब्दकोश करणारे मोल्सवर्थ आणि त्यांचे सहकारी मेजर कँडी हे लष्करातले अधिकारी. कोशाविषयी लिहिताना मोल्सवर्थांना रेव्हरंड करू नका. याउलट, रेव्हरंड म्हणजे परदेशी मिशनरी हा समजही खरा नाही. बाबा पदमनजी (1831–1906) यांच्यासारखे अस्सल मराठी लेखक दीक्षित पाळक होते आणि जुन्या ग्रंथांत त्यांचं नाव ‘रे. बाबा पदमनजी’ असं छापलेलं सापडतं.

डॉक्टरेट असेल तर? ‘डॉ. रेव्ह.’ की ‘रेव्ह. डॉ.’?

रेव्ह. आधी, डॉ. नंतर. मार्टिन ल्यूथर किंग यांना 1948 साली दीक्षा मिळाली आणि 1955 साली बोस्टन विद्यापीठाची डॉक्टरेट. त्यांचं पूर्ण औपचारिक नाव ‘द रेव्हरंड डॉक्टर मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर’. आपल्याकडे बहुतेक लेखांत नुसतं ‘डॉ. किंग’ येतं. ते चूक नाही, पण त्यांच्या चळवळीची भाषा, तिची लय, तिची क्षमाशीलता ही सगळी ॲटलांटातल्या एबेनेझर बॅप्टिस्ट चर्चच्या व्यासपीठावरून आली आहे. निदान एकदा तरी पूर्ण उपाधी लिहावी असं मला मनापासून वाटतं.

काही ख्रिस्ती लोक ही उपाधी मुद्दाम लावत नाहीत, ते का?

श्रद्धेमुळे. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये ‘रेव्हरंड’ हा शब्द एकदाच येतो, 111व्या स्तोत्राच्या नवव्या ओवीत, आणि तिथे तो देवाच्या नावाविषयी आहे. जो शब्द पवित्रशास्त्रानं फक्त देवाला वाहिला तो माणसानं आपल्या नावाआधी कसा लावायचा, असा त्यांचा प्रश्न असतो. ब्रदरन मंडळ्यांत म्हणून सगळे एकमेकांचे ‘ब्रदर’. क्वेकर तर कोणतीच उपाधी वापरत नाहीत. हे म्हणणं मला हट्टाचं वाटत नाही. अशा व्यक्तीबद्दल लिहिताना आपल्या मनानं ‘रेव्ह.’ चिकटवलं तर आदर होण्याऐवजी दुखावणंच होतं. आधी विचारून घ्यावं.

या शब्दावरून कोर्टकचेरी झाली होती म्हणे?

झाली होती, आणि एका लहान मुलीच्या थडग्यावरून. लिंकनशायरमधल्या औस्टन फेरी इथे हेन्री कीट या वेस्लियन (इंग्लंडच्या चर्चबाहेरच्या मेथडिस्ट पंथाच्या) पाळकांची मुलगी वारली. तिच्या समाधिशिलेवर वडिलांचं नाव ‘रेव्हरंड’ लावून कोरायचं होतं. दफनभूमी इंग्लंडच्या चर्चची. तिथल्या व्हिकरनी हरकत घेतली: ही उपाधी आमच्या चर्चच्या दीक्षितांची, वेस्लियनांची नव्हे. चर्चच्या न्यायालयांनी व्हिकरांची बाजू घेतली. प्रकरण प्रिव्ही कौन्सिल या शेवटच्या अपील न्यायपीठापर्यंत गेलं आणि 1876 साली निकाल फिरला. रेव्हरंड ही कुणा एका चर्चच्या मालकीची पदवी नाही, ते आदर दाखवणारं विशेषण आहे आणि कीट यांना ते लावण्याचा हक्क आहे, असं ठरलं. वर पहिल्या प्रश्नाला दिलेलं उत्तर एका बापानं मुलीच्या शिलेसाठी इतकं लढून मिळवलेलं आहे.

ख्रिस्ती नसलेल्यांना रेव्हरंड म्हणतात का?

क्वचित. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले ज्यू धर्मसेवकही रेव्हरंड लावत. अमेरिकेत जपानी परंपरेच्या बौद्ध मंदिरांतले धर्मसेवक आजही लावतात. आपल्याकडच्या बौद्ध भिक्खूंना मात्र मराठीत ‘भदन्त’ किंवा ‘पूज्य भन्ते’ आणि इंग्रजीत ‘व्हेनरेबल’ म्हणायचं. त्यांना रेव्हरंड लिहू नये. हिंदू संन्याशांसाठी इंग्रजी निमंत्रणांत ‘रिव्हर्ड स्वामी’ असं असतं, ते पुढच्या प्रश्नात पाहा.

रेव्हरंड, रेव्हरंट, रिव्हर्ड: हे एकच ना?

तीन वेगळे. रेव्हरंड म्हणजे ज्याचा आदर करावा तो, आणि नावाआधी उपाधी म्हणून लागतो तो हाच. रेव्हरंट म्हणजे आदर बाळगणारा, श्रद्धाळू. रिव्हर्ड म्हणजे ज्याचा आदर केला जातो तो, मग तो गायक असो की गुरुजी.

मराठीत लिहिताना रूप कोणतं, आणि भाषांतर करायचं का?

पूर्ण रूप ‘रेव्हरंड’, संक्षेप ‘रेव्ह.’. ‘रेव्हरेंड’ही चालतं, पण एका लेखात एकच ठेवा. जुना ‘रे.’ हा संक्षेप उद्धृतांत तसाच राहू द्या, नव्या लेखनात टाळा, कारण आज तो वाचकाला पटकन कळत नाही. उपाधीचं भाषांतर करू नका. ‘आदरणीय जॉन विल्सन’ असं लिहिलं तर ते दीक्षित होते ही माहितीच हरवते. रेव्ह. लावल्यावर पुढे ‘श्री.’ नको. आणि दोघांची नावं एकत्र येत असतील तर प्रत्येक नावाआधी वेगळं ‘रेव्ह.’ लावणं सरळ पडतं.

पत्रिकेवर ‘रेव्ह. अमुक यांच्या हस्ते’ असं असलं म्हणजे लग्न कायदेशीर झालं ना?

उपाधीवरून ते ठरत नाही. महाराष्ट्रात ख्रिस्ती विवाहाला 1872चा भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा लागू होतो. बिशपांच्या परंपरेतून दीक्षा मिळालेले धर्मगुरू आपल्या चर्चच्या नियमांप्रमाणे विवाह लावू शकतात, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या पाळकांचा त्यात वेगळा उल्लेख आहे. इतर मंडळ्यांच्या सेवकांना सरकारकडून परवाना घ्यावा लागतो. विवाह निबंधकांसमोरही लग्न होतं. तेव्हा स्वतंत्र मंडळीत लग्न ठरलं असेल तर तारीख धरण्याआधीच पाळकसाहेबांना परवान्याबद्दल विचारा. ते विचारणं उद्धटपणाचं नाही, त्यांना याची सवय असते. गोव्यात विवाहनोंदणी पोर्तुगीज काळापासून आलेल्या नागरी कायद्याप्रमाणे होते, तिथे नागरी निबंधक कार्यालयातच चौकशी करा.

अमेरिकेतल्या मराठी घरांत हल्ली आणखी एक प्रकार दिसतो. वधूवरांचा एखादा मित्र इंटरनेटवरून काही मिनिटांत ‘दीक्षा’ घेतो आणि लग्न लावतो. अशी दीक्षा देणाऱ्या संस्थांत कॅलिफोर्नियातलं युनिव्हर्सल लाइफ चर्च सगळ्यात प्रसिद्ध. तिथल्या पुष्कळ राज्यांत असं लग्न ग्राह्य धरतात, पण नियम राज्यागणिक, कधी काउंटीगणिकही बदलतात, म्हणून विवाह परवाना देणाऱ्या काउंटी कार्यालयात आधी विचारून घ्यावं. मित्राला त्या दिवसापुरतं ‘ऑफिशियंट’ म्हणा. पत्रिकेवर त्याच्या नावाआधी रेव्ह. छापू नये असं माझं मत आहे, कारण त्याच पत्रिका हातात घेणाऱ्या पाहुण्यांत वर्षानुवर्षं शिकून, सेवा करून दीक्षा घेतलेलं कोणी असू शकतं.